आलेख : चित्र नव्हे, पुरावा

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गातल्या पंधरा-वीस प्रयोगवह्या एकत्र करा आणि प्रत्येक वहीत ओहमच्या नियमाचा आलेख असलेले पान उघडून पाहा. एक गोष्ट चटकन ध्यानात येईल. बहुतेक वह्यांत सारे बिंदू एका सरळ रेषेवर ओळीने बसलेले असतील. कोणाची तार वेगळी, कोणाचा अ‍ॅमीटर वेगळा, काटा वाचणारे डोळेही वेगळे. तरी एकही बिंदू रेषेपासून तसूभर हललेला नाही! निसर्ग इतका आज्ञाधारक नसतो. खरी मोजमापे थोडीफार इकडेतिकडे पडतातच.

असे आलेख कसे तयार होतात, हे तुम्हांला ठाऊक आहे आणि तुमच्या शिक्षकांनाही. आधी रेषा आखली जाते, मग रेषेवर बिंदू दिले जातात आणि शेवटी त्या बिंदूंवरून कोष्टक भरले जाते. म्हणजे प्रयोगाची वाट उलट्या दिशेने चालली जाते. याचा सारा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे योग्य होणार नाही. गुण जर सरळ रेषेला मिळत असतील, तर विद्यार्थी सरळ रेषाच आणून देणार.

माझे मत असे की, आलेख म्हणजे प्रयोगवहीची सजावट, ही समजूत जोवर जात नाही तोवर हे असेच चालू राहील. आलेख हा पुरावा आहे. आणि पुरावा म्हटला की, तो कशावरून तयार झाला, कोणी आणि कसा तयार केला, हे दाखवता आले पाहिजे. यासाठी एक सोपी सवय मी सुचवतो. प्रयोगाचे आकडे एका साध्या फाइलमध्ये लिहावेत, आलेख काढण्याची आज्ञा दुसऱ्या फाइलमध्ये लिहावी आणि या दोन्ही फायली आलेखाबरोबर जपून ठेवाव्यात. आठवी-नववीच्या मुलामुलींना हे सहज जमण्यासारखे आहे.

आलेख काढायचाच कशाला?

काही विद्यार्थी विचारतात, "कोष्टकात आकडे आहेत, सरासरीही काढली आहे. मग आलेखाचा खटाटोप कशासाठी?" प्रश्न रास्त आहे. त्याचे फार चांगले उत्तर फ्रान्सिस अ‍ॅन्स्कोम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली दिले. त्याने आकड्यांचे चार संच तयार केले. प्रत्येक संचात अकरा जोड्या. चारही संचांत पहिल्या राशीची सरासरी ९ आणि दुसऱ्या राशीची सरासरी सुमारे ७.५. आकड्यांना सर्वांत जवळून जाणारी सरळ रेषा गणिताने काढली, तर तीही चारही संचांसाठी जवळजवळ एकच येते. कागदावरच्या हिशोबाने पाहिले, तर हे चार संच म्हणजे चार जुळी भावंडेच!

पण आलेख काढताच बिंग फुटते. पहिल्या संचात बिंदू रेषेच्या दोन्ही बाजूंना विखुरलेले दिसतात. दुसऱ्यात ते एका सुरेख वक्रावर बसतात. तिसऱ्यात दहा बिंदू नेमके एका रेषेवर आणि एकच बिंदू दूर उभा. चौथ्यात दहा बिंदू एकाच उभ्या रेषेत आणि अकरावा एकटा लांब कोपऱ्यात. सरासरीला यातले काहीच दिसले नव्हते. डोळ्यांना एका क्षणात दिसले.

हे सामर्थ्य माणसाच्या हाती येऊन फार काळ लोटलेला नाही. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअरने १७८६ साली देशोदेशींच्या व्यापाराचा एक आलेखसंग्रह प्रसिद्ध केला. आयात-निर्यातीचे आकडे वर्षांनुसार रेषांनी दाखवण्याची पद्धत रुजली ती त्यानंतर. आज वर्तमानपत्रात रोज दिसणारे चढउताराचे आलेख हे त्याचेच वंशज.

दोन फायली, एक आज्ञा

आता साधनाकडे वळू. 'ग्नूप्लॉट' नावाची एक आज्ञावली आहे. थॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली यांनी १९८६ साली तिची सुरुवात केली. ती मोफत मिळते, जुन्यापुराण्या संगणकावरही चालते आणि एकदा बसवली की इंटरनेट लागत नाही. तिच्या नावात 'ग्नू' असले, तरी त्या नावाच्या प्रसिद्ध प्रकल्पाशी तिचा संबंध नाही. अशी साधने त्याआधीही होती. युनिक्स या संगणकप्रणालीच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीत 'ग्राफ' नावाची एक छोटी आज्ञा होती. आकड्यांच्या जोड्या दिल्या की ती आलेख काढून देई. कल्पना तीच : आकडे एका बाजूला, आज्ञा दुसऱ्या बाजूला.

ग्नूप्लॉट सुरू केली की पडद्यावर बटणे, चित्रे असे काही दिसत नाही. एक ओळ दिसते आणि ती तुमच्या आज्ञेची वाट पाहते. येथेच अनेक जण बिचकतात. पण बिचकण्यासारखे काही नाही. एक खरे उदाहरण घेऊन पाहू.

हवाई बेटावरच्या मौना लोआ या ज्वालामुखी पर्वतावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटर उंचीवर, हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वायूचे प्रमाण मोजले जाते. चार्ल्स डेव्हिड कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५८ सालच्या मार्च महिन्यात ही मोजणी सुरू केली. हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे किती भाग, हे त्यात पाहिले जाते. तेथील वार्षिक सरासरीतले दर दहा वर्षांचे आकडे, जवळच्या पूर्णांकात, असे आहेत. साध्या मजकुराची एक नवी फाइल उघडून ते असेच एकाखाली एक लिहा :

# मौना लोआ, वार्षिक सरासरी
# स्तंभ १ : वर्ष. स्तंभ २ : दर दहा लाख भागांत भाग
१९६० ३१७
१९७० ३२६
१९८० ३३९
१९९० ३५४
२००० ३७०
२०१० ३९०
२०२० ४१४

येथे छापताना अंक देवनागरीत दिले आहेत, पण फाइलमध्ये ते इंग्रजी अंकांतच लिहावे लागतात. देवनागरी अंक ग्नूप्लॉटला वाचता येत नाहीत. मात्र ज्या ओळीच्या आरंभी हॅशचे (#) चिन्ह असते, ती ओळ ती वाचायची सोडून देते. तेथे तुम्ही खुशाल मराठीत टिपण लिहा. मोजमाप कोणी केले, कोणत्या दिवशी, कोणत्या उपकरणाने, मध्येच काय बिघडले, हे सारे त्या ओळींत येऊ शकते. या फाइलला 'हवा.डॅट' असे नाव देऊ. नाव रोमन लिपीत द्यायचे आणि पुढील आज्ञाही रोमन लिपीतच टाइप करायच्या. येथे मी त्यांचे उच्चार लिहीत आहे.

प्लॉट "हवा.डॅट"

एवढे लिहून एंटरची कळ दाबली की सात बिंदूंचा आलेख समोर येतो. पहिला स्तंभ क्ष-अक्षावर, दुसरा य-अक्षावर. बिंदू जोडायचे असतील तर :

प्लॉट "हवा.डॅट" विथ लाइन्सपॉइंट्स

झाला रेषालेख! अक्षांना नावे देण्यासाठी 'सेट एक्सलेबल' आणि 'सेट वायलेबल' या आज्ञा आहेत. त्यांच्यापुढे अवतरणचिन्हांत हवे ते नाव लिहायचे. 'सेट टायटल' म्हणून आलेखाला शीर्षक देता येते. या चार-पाच ओळी दुसऱ्या एका फाइलमध्ये लिहून ठेवल्या आणि 'लोड' म्हणून त्या फाइलचे नाव दिले, की तोच आलेख पुन्हा जसाच्या तसा तयार होतो. पुढच्या वर्षी, दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हातूनही!

आता आलेखाकडे नीट पाहा. रेषा वर तर जातेच आहे; पण ती सरळ आहे का? पहिल्या दहा वर्षांत वाढ ९, मग १३, मग १५, १६, २० आणि शेवटच्या दहा वर्षांत २४. म्हणजे वायू नुसता वाढत नाही, तर वाढीचा वेगही वाढतो आहे. रेषा वर वळते, ती यामुळे.

रेषा काय सांगते?

वरच्या दोन आज्ञांतला फरक तुमच्या लक्षात आला असेल. सांगितल्याशिवाय ग्नूप्लॉट बिंदू जोडत नाही. जोडायचे तर तसे शब्दांत लिहावे लागते. मला हा तिचा फार मोठा गुण वाटतो. कारण दोन बिंदू जोडणे हे एक विधान आहे. "या दोन मोजमापांच्या मधल्या काळात राशी साधारण या वाटेने गेली असावी," असे ती रेषा म्हणत असते.

हे विधान कधी योग्य असते? गरम पाणी निवताना दर दोन मिनिटांनी तापमान घेतले, तर मधल्या मिनिटाचे तापमान दोहोंच्या मध्येच कुठेतरी असणार. येथे रेषा शोभते. रोजच्या पावसाचे काय? सोमवारी ४० मिलिमीटर आणि मंगळवारी शून्य पाऊस झाला असेल, तर सोमवार-मंगळवारच्या मधल्या उतरत्या रेषेला काही अर्थ नाही. तेथे प्रत्येक दिवसाची सुटी उभी रेघ हवी; त्यासाठी 'विथ इंपल्सेस' असे म्हणता येते. आणि हजेरीक्रमांकानुसार गुणांचा आलेख काढून बिंदू जोडणे तर निव्वळ हास्यास्पद. सात आणि आठ क्रमांकांच्या मध्ये साडेसात क्रमांकाचा विद्यार्थी बसत नाही!

मोजमाप मध्येच राहून गेले तर काय करायचे, हाही प्रश्न येतो. मौना लोआची मोजणी १९६४ साली पैशाअभावी काही महिने बंद पडली होती. पुढे २०२२ सालच्या नोव्हेंबरात ज्वालामुखी जागा झाला, तेव्हा ती थांबली आणि शेजारच्या मौना केआ पर्वतावरून काही काळ करावी लागली. अशी जागा आली की तेथे आपल्या मनाचा आकडा घालायचा नसतो. ग्नूप्लॉटच्या फाइलमध्ये तेथे एक ओळ कोरी सोडली, की रेषा तेवढ्यापुरती तुटते आणि पुढे पुन्हा सुरू होते. ती तुटलेली रेषा पाहणाऱ्याला सांगते, "येथे आम्ही मोजले नाही." काही संग्रहांत न मिळालेल्या आकड्याच्या जागी उणे ९९.९९ यासारखा अशक्य आकडा लिहिण्याची पद्धत आहे. फाइल न वाचता आलेख काढला, तर रेषा मध्येच पाताळात कोसळते! म्हणून आलेख काढण्यापूर्वी फाइल डोळ्यांखालून घालावी.

मोजमाप किती वेळाने घेतले यावरही आलेख अवलंबून असतो. आपण दहा वर्षांनी एक बिंदू घेतला, म्हणून रेषा गुळगुळीत दिसली. मौना लोआचे दरमहाचे आकडे घेतले, तर तीच रेषा करवतीच्या दात्यांसारखी दिसते. दरवर्षी मे महिन्याच्या सुमारास प्रमाण शिगेला पोहोचते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाला जाते. उत्तर गोलार्धातील झाडेझुडपे उन्हाळ्यात वायू शोषून घेतात आणि हिवाळ्यात तो पुन्हा हवेत जातो, त्याचा हा ठसा. जणू पृथ्वीचा श्वासोच्छ्वासच! असे आठशेहून अधिक बिंदू हाताने मांडायला कोण बसेल? संगणकाला मात्र सात बिंदू आणि आठशे बिंदू सारखेच. आज्ञा तीच, फाइल तेवढी वेगळी.

अक्षाची किमया

आता जरा मौज करून पाहा. हीच फाइल घेऊन आधी ही आज्ञा द्या :

सेट वायरेंज [०:४५०]

आणि मग पुन्हा प्लॉट करा. येथेही अंक इंग्रजीच लिहायचे. य-अक्ष शून्यापासून सुरू झाला. रेषा वरच्या बाजूला, सावकाश चढणारी दिसेल. आता [३१०:४२०] असे लिहून पुन्हा काढा. तीच रेषा कड्यासारखी उभी चढलेली दिसेल. आकडे तेच, फाइल तीच, तरी एक आलेख पाहून वाटते, "एवढे काही झालेले नाही," आणि दुसरा पाहून वाटते, "बाप रे!"

यातला खरा कोणता? दोन्ही खरे आहेत. प्रश्न काय आहे, यावर कोणता वापरायचा ते ठरते. साठ वर्षांत एकूण प्रमाण कितीपट झाले हे पाहायचे, तर शून्यापासूनचा आलेख बरा. ३१७ वरून ४१४ म्हणजे सुमारे ३० टक्के वाढ, ती तेथे डोळ्यांना तेवढीच दिसते. वाढीचा वेग बदलतो आहे का हे पाहायचे, तर दुसरा बरा. तापाच्या रुग्णाचा आलेख कोणी शून्य अंशापासून काढत नाही. तसा काढला, तर ३७ आणि ४० अंशांतला फरक दिसणारच नाही, आणि डॉक्टरांना तर तोच हवा असतो.

तुम्ही काहीच सांगितले नाही, तर ग्नूप्लॉट अक्षाची मर्यादा आकड्यांच्या आसपास स्वतःच ठरवते. म्हणजे निवड होतेच; ती आपण केली नाही, तर यंत्र करते. वर्तमानपत्रांत, जाहिरातींत, निवडणुकीच्या भाषणांत जे आलेख दाखवतात, त्यांतही कोणीतरी ही निवड केलेली असते. फक्त ती आपल्याला लेखी दिसत नाही. आज्ञेच्या फाइलमध्ये ती एका ओळीत लिहिलेली असते. "हा अक्ष ३१० पासून का सुरू केला?" असे कोणीही बोट ठेवून विचारू शकतो आणि आलेख काढणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. लेखी आज्ञेचा मोठा लाभ हाच आहे.

गाळलेले बिंदू

अक्षापेक्षाही गंभीर गोष्ट म्हणजे नको असलेले बिंदू गाळणे. त्याचा परिणाम किती भयंकर होऊ शकतो, हे जगाने एकदा पाहिले आहे.

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे 'चॅलेंजर' हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले. त्यातले सातही जण दगावले. इंधनाच्या अग्निबाणाचे सांधे बंद ठेवणारी रबरी कडी थंडीत नीट काम करू शकली नाहीत, हे पुढे चौकशीत सिद्ध झाले. आदल्या रात्री याच प्रश्नावर दूरध्वनीवरून चर्चा झाली होती. कडाक्याची थंडी आहे, उड्डाण करू नये, असे काही अभियंते सांगत होते. पण त्या वेळी विचार झाला तो ज्या उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती त्यांचाच. त्यांत एक उड्डाण थंड दिवसाचे होते, तसे एक उबदार दिवसाचेही होते. म्हणून तापमानाचा संबंध स्पष्ट दिसत नाही, असे ठरले.

मग चौकशी आयोगाने, इजा न झालेली उड्डाणेही धरून, सर्व उड्डाणांचा आलेख काढला. तेव्हा काय दिसले? सांध्याचे तापमान सुमारे १७ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असताना झालेल्या चारही उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती. सुमारे १९ अंश किंवा त्याहून जास्त तापमानात झालेल्या २० उड्डाणांपैकी फक्त ३ उड्डाणांत ती झाली होती. आणि 'चॅलेंजर' निघाले त्या सकाळी तळावरची हवा सुमारे २ अंश होती! "येथे काही घडले नाही, म्हणून हे बिंदू कशाला मांडायचे," असे म्हणून जे बाजूला ठेवले होते, उत्तर त्यांच्यातच होते.

आपल्या प्रयोगशाळेत एखादा बिंदू गाळला म्हणून कोणाचा जीव जात नाही, हे खरे. पण सवय तीच असते. आणि तोटा आपल्याकडेही होतो. ओहमच्या नियमाच्या प्रयोगात तारेऐवजी टॉर्चचा छोटा बल्ब जोडून पाहा. आलेख सरळ येणार नाही, वाकेल. कारण विद्युतधारा वाढली की बल्बमधली तार तापते आणि तापली की तिचा रोध वाढतो. ज्याने तो वक्र जसाच्या तसा काढला, त्याला पदार्थविज्ञानातली एक नवी गोष्ट सापडली. ज्याने तो 'दुरुस्त' करून सरळ केला, त्याला गुण मिळाले असतील, पण हातात आलेले ज्ञान त्याने रबराने पुसून टाकले.

आक्षेप आणि उत्तरे

शिक्षकांचा पहिला आक्षेप मला ठाऊक आहे. "परीक्षेत आलेखकागद आणि पेन्सिलच लागते." अगदी बरोबर. पहिले काही आलेख हातानेच काढले पाहिजेत. प्रमाण ठरवणे, बिंदू मांडणे, त्यांच्यातला कल ओळखणे हे हातातून डोक्यात जाते. ते न करता संगणकाकडे धावणे म्हणजे पाढे न शिकता गणकयंत्र हाती घेण्यासारखे आहे. माझे म्हणणे इतकेच की, हाताने चार आलेख काढून झाल्यावर पाचवा दोन्ही प्रकारे काढावा आणि ताडून पाहावा.

दुसरा आक्षेप असा की, रकान्यांच्या कोष्टकाचे प्रोग्रॅम शाळेत शिकवतातच. त्यांत चार ठिकाणी माऊस दाबला की रंगीत आलेख तयार होतो. होतो खरा. पण कोठे कोठे दाबले, कोणती मर्यादा निवडली, रेषा गुळगुळीत करण्याचा पर्याय चालू होता की बंद, हे नंतर सांगणे कठीण जाते. तेथेही आकडे आणि निवडी लिहून ठेवल्या, तर माझा विरोध नाही. आता तर तोंडी सांगितले की आलेख काढून देणारी साधनेही आली आहेत. त्यांच्यापासून दूर राहा असे मी म्हणणार नाही. पण त्यांनी कोणती आज्ञा वापरली ते मागून घ्या आणि वाचा. ज्याला आज्ञा वाचता येत नाही, त्याला समोरच्या आलेखावर डोळे मिटून विश्वास ठेवावा लागतो.

तिसरा आक्षेप इंग्रजीचा. आज्ञा इंग्रजी शब्दांत आहेत, हे खरे. पण सुरुवातीला लागणारे शब्द बारा-पंधराच आहेत. क्रिकेटच्या समालोचनात याहून अधिक इंग्रजी शब्द आपण सहज पचवतो!

चौथा आक्षेप मात्र मोलाचा आहे : "खोटे आकडे फाइलमध्येही लिहिता येतात." निश्चितच येतात. कोणतेही यंत्र माणसाला प्रामाणिक करू शकत नाही. ग्नूप्लॉट खोट्या आकड्यांचा आलेख तितक्याच तत्परतेने काढून देईल. पण दोन गोष्टी बदलतात. एक म्हणजे, 'सुबक' आलेखाचे महत्त्वच उरत नाही, कारण सुबक आलेख आता सर्वांचाच येतो. मग तपासायला उरतात ते आकडे आणि त्यांच्यावरची टिपणे. दुसरे म्हणजे, खऱ्या आकड्यांचा आलेख काढण्याचे कष्ट इतके कमी होतात की, खोटे रचण्याचा मोहही कमी व्हावा. प्रयोग पुन्हा करून चार ओळी वाढवल्या की आलेख आपोआप नवा होतो. पान फाडावे लागत नाही की खाडाखोड करावी लागत नाही.

मग शाळेत काय करावे?

शिक्षकांना माझी पहिली विनंती अशी की, आलेखाला गुण देताना सरळपणाला देऊ नका. टिपणे पूर्ण असलेल्या फाइलला द्या, अक्ष असाच का निवडला, या प्रश्नाच्या उत्तराला द्या, आणि रेषेबाहेर पडलेला बिंदू न गाळता "हा बिंदू असा का आला असावा?" याचा विचार ज्याने लिहिला, त्याला सर्वांत जास्त द्या.

दुसरी सूचना विद्यार्थ्यांसाठी आहे. या पावसाळ्यात शाळेची एक फाइल सुरू करा. सपाट तळाचे, सरळ बाजूंचे एक भांडे मोकळ्या जागी, झाडाझुडपांपासून आणि भिंतींपासून दूर ठेवा. त्यात साठलेल्या पाण्याची खोली मिलिमीटरमध्ये मोजली की तोच त्या दिवसाचा पाऊस. आपले हवामान खाते सकाळी साडेआठ वाजता मागच्या चोवीस तासांचा पाऊस नोंदवते. तुम्हीही तीच वेळ धरा. रोज फाइलमध्ये एकच ओळ वाढवायची : दिवसाचा क्रमांक आणि मिलिमीटर. पाऊस पडला नाही, त्या दिवशी शून्य लिहायचे. मोजायचे राहून गेले, तर शून्य लिहायचे नाही; ओळ कोरी सोडायची आणि हॅशपुढे कारण लिहायचे. शून्य आणि 'मोजले नाही' यांतला फरक ज्याला कळला, त्याला विज्ञानाचा निम्मा धडा कळला.

महिन्याअखेर 'विथ इंपल्सेस' म्हणून रोजच्या पावसाच्या उभ्या रेघा काढा. मग 'स्मूद क्युम्युलेटिव्ह विथ लाइन्स' असे जोडून आलेख काढा. त्यात रोजचा पाऊस मागच्या बेरजेत मिळवला जातो. मुसळधार सरींच्या दिवसांत ही रेषा उभी चढेल आणि पावसाने ओढ दिली की आडवी होऊन थांबेल. पेरणी करून आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्याची काळजी त्या आडव्या रेषेच्या लांबीत मोजता येते. मात्र मोजायचे राहिलेले दिवस या बेरजेत येत नाहीत, हे आलेखाखाली लिहायला विसरू नका.

दहावीचा वर्ग शाळा सोडून जाईल, तेव्हा फाइल नववीच्या हाती द्यावी. कीलिंगने सुरू केलेली मोजणी २००५ साली त्याच्या निधनानंतरही थांबली नाही. त्याचा मुलगा राल्फ याने ते काम पुढे चालवले. अशी सलग नोंद असल्यामुळेच तो आलेख आज साऱ्या जगाला मान्य आहे. तुमच्या गावच्या पावसाची दहा वर्षांची नोंद तुमच्याच शाळेच्या संगणकावर असेल आणि कोणीही येऊन एका आज्ञेत तिचा आलेख काढू शकेल, तर गावात "यंदा पाऊस कमी का जास्त" असा वाद निघाल्यावर शाळेकडे दाखवायला पुरावा असेल.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या प्रयोगाच्या वेळी एक निश्चय करा. बिंदू जेथे पडेल तेथेच मांडायचा. आधी फाइल, मग आज्ञा, मग आलेख. आणि कोणी विचारले, "हे कशावरून?" तर दोन्ही फायली त्याच्यापुढे ठेवायच्या आणि म्हणायचे, "तुम्हीच काढून पाहा!"